राजकन्या कुठे खेळायच्या?

मे महिन्यात मुंबईची नातवंडं रत्नागिरीत आली, की भाट्याच्या वाळूत लोळून झाल्यावर हट्ट असतो थिबा पॅलेसचा. “नाना, राजकन्या कुठे खेळायच्या?” यंदा धाकटीने विचारलं.

इथे नाही, हे तिला कसं सांगावं? इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ साली आगबोटीने इथे आणून ठेवलं, तेव्हा सोबत राणी आणि तीन लहान मुली होत्या. तिसरी तर वाटेत मद्रासला जन्मलेली, अगदी तान्ही. चौथी रत्नागिरीत झाली. राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये. तोवर मुलींचं बालपण भाड्याच्या बंगल्यांत सरलेलं. १९१६ मध्ये राजा गेला, १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी परतलं.

“मग त्यांची सुट्टी संपली?”

थोरलीची नाही. ती पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. माहेर म्हणावं असं तिला दुसरं होतं तरी कुठलं?