चैत्रात या, निवांत या : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

मुंबईची माणसं वसंत बघायला महाबळेश्वर गाठतात. आज मी सांगणार आहे कर्जत लाइनवरच्या तीन गावांबद्दल. मी सोलापूरची. धाकटी बहीण लग्न होऊन बदलापूरला आली, तेव्हापासून चैत्रातला एक आठवडा माझा तिच्याकडे ठरलेला.

सुरुवात उल्हासनगरपासून करू. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये आसरा मिळाला. १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, पण लोक पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. सिंधी घरात उन्हाचं गेलात की आधी पापड आणि पाणी समोर येतं. नाव-गाव, काम काय, ते सगळं नंतर. पाडव्याला लागूनच त्यांचा चेटीचंड, झुलेलालचा उत्सव. त्या दिवशी बहिणीच्या मैत्रिणीकडे गोड भात, म्हणजे ताहिरी, इतक्या आग्रहानं वाढली की जेवायला मी परत घरी गेलेच नाही. ज्यांची घरंदारं मागे राहिली, त्यांच्या दारात पाहुण्याला ‘अचो’, म्हणजे ‘या’, हे ऐकताना बरं वाटतं हो.

पुढचं अंबरनाथ. तिथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, इ.स. १०६० चं. बाहेर ऊन तापलेलं असतं, आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेलं की अंगाला गारवा लागतो. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती बघायला सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात त्या उठून दिसतात. शेजारून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिचं काय झालंय ते तिथं उभं राहिलं की नाकालाच कळतं. पाहुणी असले तरी हे सांगायलाच हवं.

आणि बदलापूर! बारवी धरणाच्या रस्त्यानं फाल्गुनात पळस, काटेसावर पेटलेली असते. चैत्र लागला की कुसुंबाची तांबडी पालवी, मोहाचा वास, आणि मागे चंदेरीचा सुळका. जांभळाला तेव्हा मोहोर असतो, फळ मात्र मे संपता संपता. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, बरं का!

बहिणीच्या बिल्डिंगमागे एका आगरी आजींचं जुनं घर आहे. अंगणात मोठं जांभळाचं झाड. दुपारी तिथं बाज टाकलेली असते. मी गेले की पन्हं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. यंदा म्हणाल्या, ‘बिल्डर येऊन गेला गो. पैसं चांगलं देतोय. पन झाड गेलं तं तुला बसवू कुठं?’ मुलगा हो म्हणतोय, आजी अजून नाही म्हणतायत. मला काही बोलता आलं नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाचंही चुकत नाही. पण पाहुणचाराला नुसतं मन पुरत नाही मंडळी, सावली लागते, प्यायला चांगलं पाणी लागतं. झाडं आणि नद्या आधी गेल्या, तर ‘या, बसा’ म्हणणारी माणसं तरी कुठवर पुरणार?

तर पुढच्या चैत्रात सकाळची गाडी पकडा. आधी अंबरनाथचं देऊळ, दुपारी उल्हासनगरला दाल-पकवान, ऊन उतरल्यावर बारवीचा रस्ता. ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याकडेच उतरा, आणि घाईत नका जाऊ, वाढलेलं पान तसंच राहतं.

तुमच्या गावचा चैत्र कसा असतो, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!