धाप लागते, तिची नोंद कुठे?

(नांदगाव पेठ येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



कापसाच्या वेचाईवरून आलेली बाई ओट्यावर टेकते आणि म्हणते, "दम लागला माय." सासू म्हणते, वय झालं. नवरा म्हणतो, रक्त कमी असेल. तीही तेच म्हणते आणि स्वयंपाकाला लागते. पुढे पायांवर सूज येते. आडवं झालं की जीव घाबरतो, रात्र बसून काढावी लागते. शेवटी एका रात्री गाडी करून अमरावतीला न्यावं लागतं, तेव्हा डॉक्टर सांगतात, हृदयाचं पंपिंग कमी झालं आहे.

यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलेलं नसतं. शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. म्हणून फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठतं. वाढलेला रक्तदाब आणि हार्ट अटॅक ही मोठी कारणं. लहानपणी घसा दुखून सांध्यांचा ताप आला, तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. हे दुखणं गरिबांच्या दाटीच्या वस्त्यांत जास्त. काही बायांचं हृदय गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत कमजोर होतं. ती धाप बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडू नका.

२०१७ साली १६ देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात चीनमधले शंभरातले ७ रुग्ण दगावले, भारतातले २३. आजार तोच, मग हा फरक कशाचा? २०१३ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमच्या दवाखान्यांत दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यात बाया शंभरात ३१. बायांना हा आजार कमी होतो, की दवाखान्यापर्यंत त्या कमी पोचतात? हा प्रश्न आपणच विचारायला हवा.

घरी काय करायचं? रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते पाणी आहे. लगेच डॉक्टरांकडे जा. मीठ कमी करा. ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या यांतच ते लपलेलं असतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. गुडघेदुखीची गोळी मनाने घेऊ नका, तिने अंगात पाणी साठतं. लघवीच्या गोळीवर असाल तर आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते. तेव्हा डोस किती, हे डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात, म्हणून दिवस राहण्याआधीच बोला.

आता खरी गोष्ट. "स्वतःची काळजी घ्या" असं सांगणं सोपं आहे. पण घरात वजनकाटा कुठे आहे? भाजीत मीठ कमी पडलं तर ताटावरून बोलणी कोण खातं? हंडा कोण उचलतं? पैसे संपले की आधी कोणाची गोळी बंद होते? बाईवर जबाबदारी टाकायची आणि साधन द्यायचं नाही, ही काळजी नव्हे, हा आरोप आहे.

म्हणून काम गटाने करायचं. बचत गटाने एक वजनकाटा घ्यावा आणि ज्या बाईला हा आजार आहे तिचं वजन वहीत लिहावं. एकीला धाप लागली तर दुसरीने तिच्यासोबत दवाखान्यात जावं. घरातल्या सगळ्यांनीच मीठ कमी करावं. पुरुषांच्या रक्तदाबालाही ते बरं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. पण मोफत गोळी शिल्लकच नसेल, तर ती मोफत कशाची? महिन्याची गोळी गावाजवळच्या केंद्रात मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर तारखेसह लिहून ठेवा आणि पंधरा जणी मिळून विचारायला जा.

एकट्या बाईचा दम घरातल्या घरात विरून जातो. वहीत लिहिलेला दम कोणाला नाकारता येत नाही.