आचार्यत्व आणि शाळेचे नेतृत्व



‘आचार्य’ या शब्दाचे निर्वचन करताना यास्कांनी निरुक्तात तीन कार्ये सांगितली आहेत. आचार्य शिष्याला आचार शिकवितो, अर्थांचा संचय करतो आणि बुद्धीची वाढ करतो. शाळेच्या मुख्याध्यापकाचे मूल्यमापन करताना यांतील तिसरे कार्य बहुधा विसरले जाते. शिस्त कडक, निकाल उत्तम, एवढ्यावर नेतृत्व थोर ठरते.

पाश्चात्त्य पंडितांनीही या प्रश्नाचा शोध घेतला आहे. कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील लहान मुलांचे गट करून त्यांना तीन प्रकारचे नायक दिले. एक केवळ आज्ञा करणारा, दुसरा सर्वांच्या विचाराने चालणारा, तिसरा सारे मुलांवर सोपवून स्वस्थ बसणारा. पहिला समोर असेपर्यंत काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की ते मंदावे. दुसऱ्याच्या मागेही काम चालू राही. तिसऱ्याच्या गटात मुळातच काम थोडे. तात्पर्य, नेत्याची परीक्षा त्याच्या अनुपस्थितीत होते.

आपल्याच भागातील एका संन्यासी मुख्याध्यापकाने ही परीक्षा दिली. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे १९०३ मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. निजामाच्या राज्यात खाजगी शाळांवर सरकारची करडी नजर असे. अशा शाळेत शिक्षकाला देण्याजोगे द्रव्य थोडे आणि धोका मोठा. नुसत्या हुकमाने किंवा वेतनाच्या आशेने तेथे कोण टिकणार? जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये देवघेवीवर चालणारे नेतृत्व आणि नेता व अनुयायी या दोघांनाही उंचावणारे नेतृत्व असा भेद मांडला. स्वामीजींचे नेतृत्व दुसऱ्या जातीचे होते.

१९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली व हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात कारावास पत्करला. शाळा मात्र बंद पडली नाही. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे तोलामोलाचे सहकारी त्या परिवारात तयार झालेले होते. योगेश्वरी शिक्षणसंस्था पुढे महाविद्यालयापर्यंत वाढली. संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले आणि १९५२ मध्ये याच गुलबर्ग्याने स्वामीजींना लोकसभेवर निवडून दिले.

गुरुभक्ती हे मठाचे बळ आहे. परंतु शाळेत त्याच भक्तीची सावली पडून सर्व निर्णय एका माणसापाशी अडकू लागले, तर तो निवृत्त होताच संस्था पोरकी होते. आज्ञा अनावश्यक आहे असे नव्हे. परीक्षेच्या वेळी, संकटाच्या वेळी, एकाचाच शब्द चालला पाहिजे. एरवी वेळापत्रक, हिशेब, ग्रंथालय, पालकांशी बोलणी ही कामे तरुण शिक्षकांच्या हाती द्यावीत, चुका होऊ द्याव्यात आणि मग शेजारी बसून त्या दुरुस्त कराव्यात. मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी मुले जेथे एका अंगणात खेळतात, तेथे एकट्या माणसाचे कान पुरे पडत नाहीत.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य निरोप घेणाऱ्या शिष्याला सांगतात की, आमची जी आचरणे चांगली असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस. स्वतःला पारखण्याचा अधिकार शिष्याच्या हाती देण्याचे हे धैर्य आहे. वर्धापनाच्या या शुभप्रसंगी श्रीमठाच्या प्रत्येक शाळेला असे धैर्यवान मुख्याध्यापक लाभोत, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.