पाणी नितळ दिसतंय, पण नमुना काय सांगतो?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आमच्या विहिरीच्या पाण्याला औषधासारखा वास यायला लागला. टाकीत क्लोरीनची पावडर टाकली की वास आणखीच वाढे. साहेब आले, पाणी ग्लासात धरलं आणि म्हणाले, "स्वच्छ तर आहे!"

हा वास बहुधा फिनॉलचा. क्लोरीनशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार झालं, की लिटरला काही मायक्रोग्रॅमही नाकाला कळतं.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात फिनॉल लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरं पाणीच नसेल तर ०.००२. कारखान्याला मात्र नदीत सोडायला १ मिलिग्रॅमची मुभा. हजारपट! नदी भरून वाहते तेव्हा ते पातळ होतं. पण चैत्र-वैशाखात, नदीत सांडपाणीच तेवढं वाहतं तेव्हा? कारखाना नियमात, आणि आमच्या विहिरी धोक्यात.

आम्ही पहिला नमुना तेलाच्या प्लास्टिक बाटलीत भरला, आठवड्याने पाठवला. अहवाल आला, 'आढळले नाही'. चूक आमची होती. पाण्यातले जिवाणू फिनॉल खाऊन टाकतात. नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यायचा, प्रयोगशाळेने दिलेलं आम्ल तिथेच घालायचं, बर्फात ठेवून पोचवायचा. प्रयोगशाळेत पाणी ऊर्ध्वपातित करून अमिनोअँटिपायरीन घालतात. फिनॉल असेल तर लाल रंग येतो. अगदी अल्प असेल तर तो रंग क्लोरोफॉर्ममध्ये ओढून मोजतात. पण पॅरा-क्रेसॉलसारखी काही द्रव्यं या परीक्षेत निसटतात. त्यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफचीच मागणी करा.

आणि गाळ विसरू नका. पाणी पुढे जातं, साक्ष गाळात राहते. पेंटाक्लोरोफिनॉल, नोनिलफिनॉल गाळाला चिकटून बसतात. खरं बोलायचं तर नोनिलफिनॉल फवारणीच्या काही औषधांतल्या मिसळद्रव्यातूनही येतं. तेव्हा आपले पंपही ओढ्यात धुऊ नका.

आपला नमुना तक्रारीला बळ देतो. कोर्टात मात्र १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुनाच टिकतो. कारखानदाराला नोटीस देऊन, सीलबंद, सहीनिशी.

म्हणून आमच्या मागण्या तीन: नमुना भर उन्हाळ्यात घ्या, पाण्याबरोबर गाळही तपासा, अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. दया नको, मोजमाप हवं. साहेब पुन्हा ग्लास उचलतील, तेव्हा आपल्या हातात आकडा असला पाहिजे.