बैठकीची खोली कोणासाठी?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला 'घरातील बैठकीची मांडणी आणि सजावट' या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा आमच्या काही सहकाऱ्यांना हसू आले. किमान वेतन आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने सोफ्यावर आणि पडद्यांवर काय बोलावे, असे त्यांना वाटले. परंतु हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा नाही. कामगार संघटनेचे निम्मे काम कारखान्याच्या फाटकाशी चालते आणि निम्मे लोकांच्या घरी बसून. बांधकामावरचे मजूर, सुतार, घरकाम करणाऱ्या बाया अशा कितीतरी जणांच्या घरी आम्ही बसलो आहोत. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे अशा बैठकींत झाले.

आपल्या भाषेने या खोलीला दिलेले नाव पाहा. 'बैठक' म्हणजे बसण्याची खोली, अंथरलेली गादीही बैठक आणि चार माणसांनी जमून विचार करणे हीही बैठकच. इंग्रजांच्या 'ड्रॉइंग रूम'चा मूळ अर्थ जेवणानंतर इतरांपासून बाजूला होण्याची खोली असा आहे. आपली खोली बाजूला होण्यासाठी नाही, येऊन बसण्यासाठी आहे. म्हणून तिच्या मांडणीचा पहिला प्रश्न 'काय ठेवावे' हा नसून 'कोण बसणार' हा आहे. आज आम्ही एवढेच सांगणार आहोत.

आपल्या भागातील जुने घर डोळ्यांपुढे आणा. जाड दगडमातीच्या भिंती, पुढे ओसरी, आत माजघर. भिंतीतच कोनाडे आणि खुंट्या, एखादी बाज, एक घडवंची आणि गुंडाळून उभी केलेली सतरंजी. सामान थोडे असल्यामुळे तीच जागा सकाळी धान्य निवडायला, दुपारी लेकराला निजवायला आणि संध्याकाळी पाहुण्याला बसवायला चाले. हे शहाणपण घेण्यासारखे आहे. पण त्या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. तेथे कोणी कोठे बसावे हे ठरलेले होते. मालक बाजेवर, सोयरे सतरंजीवर, मजूर अंगणात, काहींना तर ओट्याची पायरीही मना, आणि घरच्या बाया दाराआड. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. बसण्याची जागा ही आपल्या देशात केवळ सोयीची बाब कधीच नव्हती. ती प्रतिष्ठेची बाब होती.

म्हणून गरिबाच्या घरातल्या सोफ्याला हसणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. ज्याच्या बापाला दुसऱ्याच्या दारात जमिनीवर बसावे लागले, त्याने स्वतःच्या घरात खुर्ची मांडली तर तिचा अर्थ लाकडापेक्षा मोठा असतो. आमची तक्रार खुर्चीविरुद्ध नाही. दुकानदार जे सांगेल ते आपल्या खोलीचे माप न घेता विकत आणणे, याविरुद्ध आहे.

आता थोडा हिशेब करू. सर्वसाधारण बैठकीची खोली दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे १२० चौरस फूट. तिघांचा सोफा सुमारे १८ चौरस फूट जागा खातो, दोन सुट्या सोफाखुर्च्या मिळून १६, मधला टीपॉय ८. झाले ४२. त्यांच्या पुढ्यात पाय ठेवायला आणि चालायला जागा सोडा. निम्मी खोली गेली. बसणार किती? पाच. सहा बाय नऊची सतरंजी ५४ चौरस फूट जागा घेते, बारा जणांना बसविते आणि उठल्यावर कोपऱ्यात उभी राहते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रच २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची जागाही आली. तेथे पाच माणसांसाठी निम्मी खोली कायमची अडकविणे परवडणार कसे?

आणि पैशाचाही हिशेब आहे. पुष्कळ सोफे आज हप्त्यांवर येतात. हप्त्याने बांधलेला माणूस ठरावाला हात वर करण्यापूर्वी एकदा सोफ्याकडे पाहतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. जी वस्तू माणसाला बसवण्यासाठी आणली, तिने त्याला उठूच देऊ नये, ही काही सजावट नव्हे.

लहान जागेतही खोली कशी माणसांची राहते, हे मुंबईच्या चाळींनी दाखविले आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. इमारती २०७ आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत वळकट्या सकाळी गुंडाळल्या की बैठक, ताटे मांडली की स्वयंपाकघर आणि दिवा मंद केला की निजायची खोली. हे हाल होते, वैभव नव्हे. आम्ही त्यांची आरती करीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आम्हांला आनंदच आहे. एवढेच वाटते, की वाढलेली जागा माणसांना मिळावी, कपाटांना नव्हे.

याच्या उलट, जागा आहे पण बसायला वेळ नाही, अशीही घरे आहेत. बैठकीच्या खोलीची खरी पायाभरणी सुट्टीने झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि तिच्या प्रयत्नाने १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी गिरणीमजुराला घरात केवळ निजण्याची जागा लागे, कारण बसण्याचा दिवसच नव्हता. पाहुणा, पोरांचा अभ्यास, वर्तमानपत्र ही सगळी त्या रविवारची देणगी आहे. उद्या कामाचे तास वाढत गेले, तर कितीही उंची सोफा आणा, त्यावर बसणार फक्त धूळ.

आता मांडणीच्या चार व्यवहारी गोष्टी. आपल्या लोणारच्या उन्हाळ्याने खोलीची अर्धी मांडणी आधीच ठरविली आहे. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रीपर्यंत तापलेलीच राहते. तिला टेकून बसण्याची जागा करू नये. तेथे कपाट किंवा पुस्तकांची फळी ठेवावी. कूलर बाहेरची हवा आत घेईल असा खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. ती कपाटाने झाकली की ओली हवा खोलीतच कोंडते आणि मग लोक कूलरला दोष देतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लाकडी सामान तीन-चार बोटे दूर ठेवावे. वाळवी लवकर दिसते. दारापासून आतल्या खोलीपर्यंत अडीच फुटांची वाट मोकळी हवी, म्हणजे पाणी घेऊन येणाऱ्या बाईला टीपॉय चुकवीत यावे लागत नाही.

गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोळा ते अठरा इंच उंचीची, हात टेकून उठता येईल अशी एक घट्ट खुर्ची हवीच. खोल रुतणारा सोफा त्यांना शिक्षाच असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची जागा खिडकी डावीकडे येईल अशी करावी, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. टीव्ही आल्यापासून घराघरांतल्या खुर्च्या एस. टी.च्या बाकांसारख्या एका दिशेला तोंड करून बसल्या आहेत. त्यांतल्या दोन तरी काटकोनात वळवाव्यात. माणसाचे तोंड माणसाकडे झाले, की बोलणे आपोआप सुरू होते.

सजावटीविषयी थोडेच बोलतो. आपल्या गावातल्या भिंतींवर परदेशच्या बर्फाच्या डोंगरांची चित्रे दिसतात. काळ्या खडकात अशनी कोसळून झालेले, २०२० साली रामसर यादीत गेलेले सरोवर पाहण्यास लोक दुरून येतात. आणि आपल्या बैठकीत त्याचा फोटो नाही! आईने शिवलेली गोधडी पेटीत घालून दिवाणावर बाजारची चादर टाकण्याचे कारण आम्हांला कळत नाही. ज्या वस्तूमागे आपले माणूस आहे, ती वस्तू शोभते.

साधेपणाने बैठकीचे वजन कमी होत नाही. आपल्याच विदर्भात, सेवाग्रामला बापूकुटी आहे. जमिनीवर चटई, बुटके मेज आणि मातीची भिंत. देशातले मोठमोठे पुढारी तेथे खाली बसून बोलले, आणि साम्राज्याचे काय करायचे याचा विचार अशा मांडणीत झाला. व्हाइसरॉयच्या दिवाणखान्यापेक्षा ती बैठक हलकी ठरली नाही.

घरी गेल्यावर आपली बैठक नव्याने मांडायची असेल, तर सुताराला बोलावण्याआधी तीन प्रश्न विचारा. घरची गृहिणी या खोलीत कोठे बसते? तिची जागा उंबऱ्याशी उभी राहण्याची असेल, तर खोली अपुरी आहे. शिकणाऱ्या मुलीला येथे वही उघडायला जागा आहे काय? आणि तिसरा प्रश्न अवघड आहे. भांडी घासायला येणारी बाई, नळ दुरुस्त करणारा, हा सोफा ज्याने रंधा मारून घडविला तो सुतार, यांना आपण कोठे बसवतो? २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण घरातली खुर्ची कायद्याने पुढे सरकत नाही. ती घरच्या माणसानेच सरकवावी लागते. खुर्च्या मांडा, सर्वांसाठी मांडा. किंवा सतरंजी अंथरा आणि सर्वांनी खाली बसा. एकाने वर आणि एकाने खाली, ही मांडणी तेवढी मोडून काढा.