हवेतील सूक्ष्म धूळ : शहराची आणि आपली

(रामटेक येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



हवेच्या प्रदूषणाचा विषय रामटेकला मांडावयाचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो असा, की हे तर नागपूरकरांचे दुखणे; त्याचे येथे काय? जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातही नाव आहे ते नागपूर शहराचे. ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची आहे. परंतु सूक्ष्म धूळ तयार कशी होते हे एकदा समजून घेतले, म्हणजे महानगरपालिकेची हद्द जेथे संपते तेथे हा प्रश्न संपत नाही, हे आपल्या ध्यानात येईल.

धूळ म्हटली की आपल्याला आठवतो तो मनसरजवळचा महामार्ग, मँगनीजची खाण, खडी फोडणारी यंत्रे. ही धूळ फोडण्यातून आणि घासण्यातून निर्माण होते. ती निरुपद्रवी आहे असे मुळीच नव्हे. पण तिचे कण बहुतांशी जाड असतात. त्यांतील पुष्कळसे नाकात व घशात अडतात आणि उरलेले लवकरच जमिनीवर बसतात. मला आज सांगावयाचे आहे ते अडीच मायक्रॉन व त्याहून कमी व्यासाच्या कणांविषयी. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर केसाच्या रुंदीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. ते थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हवेतील कणांची गणना कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केली. आपल्या देशात या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा केवळ ५ आहे.

हे कण येतात दोन वाटांनी. पहिली वाट सरळ आहे. लाकूड, गोवऱ्या, डिझेल, कचरा यांपैकी काहीही अर्धवट जळले की काजळीचे अतिसूक्ष्म कण थेट हवेत जातात. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या माउलीला हे शास्त्र शिकवावयास नको; ते तिच्या डोळ्यांना आणि छातीला ठाऊक आहे.

दुसरी वाट मात्र नजरेस येत नाही, आणि माझ्या मते हीच अधिक विचार करण्यासारखी आहे. येथे धूळ उडत नाही, ती हवेतच घडते. कोळशात गंधक असते. कोळसा जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. हवेत त्याचे हळूहळू गंधकाम्लात रूपांतर होते. कोरड्या हवेत यास अनेक तास, प्रसंगी दिवस लागतात. धुक्याच्या व ढगाच्या थेंबांत ते फार वेगाने घडते. या आम्लाला हवेतील अमोनिया भेटला की अमोनियम सल्फेटचा घन कण तयार होतो. वाहनांच्या व भट्ट्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडपासून अशाच रीतीने अमोनियम नायट्रेट बनते, आणि ते थंडीत अधिक टिकते.

रामटेकला भाषण करून कालिदासाचे नाव न घेतल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. मेघदूतात मेघाच्या घटकांत धुराची गणना आहे. आजचे विज्ञानही सांगते की वाफेला थेंब होण्यासाठी एखाद्या कणाचा आधार लागतो, आणि धुरातील कण तो आधार देऊ शकतात. असो.

आता कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रे पाहा. कोराडीस ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. राख अडविण्यासाठी अशा केंद्रांत विद्युतभारित पत्र्यांची यंत्रणा असते आणि ती नीट चालली तर ९९ टक्क्यांहून अधिक राख अडते. चिमणीवर काळा धूर दिसेनासा झाला की आपण समाधान मानतो. परंतु सल्फर डायऑक्साइड रंगहीन आहे आणि तो त्या पत्र्यांमधून निघून जातो. तो काढण्यासाठी वेगळे संयंत्र लागते. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना या वायूची मर्यादा घालून दिली. मुदती अनेकदा वाढल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने देशातील बहुसंख्य संचांना या मर्यादेतून सूट दिली. राष्ट्रीय राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना मात्र डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. धोरणावर भाष्य करणे हे माझ्यासारख्या शासकीय सेवकाचे काम नव्हे. तरीही एवढे नोंदवितो की उंच चिमणीतून सुटलेल्या वायूचा कण व्हावयास तास लागतात, आणि तेवढ्यात वारा दहा किलोमीटर केव्हाच ओलांडून गेलेला असतो. हे कण अनेक दिवस तरंगत राहून शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. रामटेक तर नागपूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे.

त्यात हिवाळ्याची भर पडते. डिसेंबरच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड राहते आणि वर उबदार थराचे झाकण बसते. मग खालचा धूर वर जात नाही. गडावरून सकाळी सपाट पसरलेला जो पांढुरका थर दिसतो, त्यास आपण सरसकट धुके म्हणतो; त्यात गावच्या शेकोट्याही असतात.

कोणता कण कोणाचा, हे ओळखण्याची रीत आहे. गाळणकागदावर धूळ गोळा करून तिची रासायनिक तपासणी करतात. सिलिकॉन व ॲल्युमिनियम मातीकडे बोट दाखवितात, पोटॅशियम लाकूड व पालापाचोळ्याच्या धुराकडे, सल्फेट कोळशाकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात मुंबईचे हे काम आपल्या नागपूरच्याच नीरी या संस्थेने केले होते. शिक्षक बंधूंनी ही पद्धत विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावी.

राहिला अमोनिया. तो बहुतांशी शहराचा नाही; तो शेणखताचा आणि युरियाचा, म्हणजे आपला आहे. भाताच्या बांधीत उभ्या पाण्यावर फेकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. शेतकऱ्याचा पैसा हवेत जातो आणि कोराडीच्या गंधकाशी त्याची गाठ पडते. युरिया चिखलात मिसळून दिला, किंवा युरिया-डीएपीच्या गोळ्या रोपांच्या चौकटीत खोल खोचल्या, तर हे नुकसान पुष्कळ घटते. कृषी सहायकांनी येत्या रोवणीपूर्वी प्रत्येक गावी एका तरी बांधीत हे करून दाखवावे, आणि ग्रामसभेत दोन्ही बांधींच्या खताचा व उत्पन्नाचा हिशेब मांडावा, अशी माझी येथील पंचायत सदस्यांना विनंती आहे.