यादीत नाव नव्हतं तेव्हा



अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. पहिल्या वेळी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी करपली म्हणून चूल फोडतं का कुणी?"

दुसऱ्या वेळी मी बचत गटाच्या बैठकीत सगळं सांगून टाकलं. गटातल्या एका ताईंनी यादी आणि माझा अर्ज शेजारी ठेवून पाहिला. निवड गुणांवर होते. बारावीच्या गुणांशिवाय जात, अनुभव यांचेही गुण धरतात. माझा जातीचा दाखला जोडायचाच राहिला होता!

मग सेतू केंद्रात अर्ज देऊन दाखला काढला. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवल्या. नवी जागा अजून निघालेली नाही. तोवर मशीनवर ब्लाउज शिवते, दर सोमवारी ग्रामपंचायतीचा फलक वाचून येते.

बायांनो, नाव आलं नाही तर घरात कोंडून घेऊ नका. गटात बोला, कारण विचारा. कारण कळलं की पुढचं काम दिसतं, आणि काम दिसलं की मन उभारी धरतं.